समुद्र आला का रं?

...आन वरून मलाच म्हणतात, गाडी जरा दामटव! अहो, दामटवू कशी? जरा कुठं पाटी दिसली की आमचे वडील, अण्णा, स्टेअरिंगलाच हात घालतात. "थांब, थांब, प्राचीन लेणी!" बरं, उतरायचं, धापा टाकत पायऱ्या चढायच्या आन वर जाऊन म्हणायचं काय? "ह्यात काय हाय? आपल्या वेरूळला एका दगडात अख्खं देऊळ कोरलंय." आमची बायको शीला हळूच मला विचारती, "मामा वेरूळ बघायला कवा गेले व्हते?" आता काय सांगू तिला? आमचं वेरूळ म्हंजे घृष्णेश्वराचं दर्शन, गरम भजे आन माघारी. लेणी आतून बघितलीत कुणी?

आन मागच्या सीटवर आमची आई, गुडघे धरून. औरंगपुऱ्यातलं घर सोडल्यापास्नं तिचं एकच, "अंगद, समुद्र आला का रं?"

तुम्हाला सांगतो, ही सगळी सहल तिच्यासाठी. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणली, "त्याच्याआधी एकदा समुद्र दाखव. मग काय व्हायचं ते व्हऊ दे." माहेर सिल्लोडचं, सासर शहरात. जल्मात मोठं पाणी बघितलं ते जायकवाडीचं, तेबी मे महिन्यात!

कार्ला झालं. वाटेतलं एक पडकं देऊळ झालं. "अंगद, समुद्र आला का रं?" आला आई, आला... असं करत दुपारी अलिबागला पोचलो, तिला धरून वाळूवर नेलं, आन बघतो तर काय... समुद्र नाय! नुसता चिखल, पार समोरच्या किल्ल्यापर्यंत! लोक चालत चाललेत किल्ल्यावर. ओहोटी! आता आम्ही मराठवाड्याचे, समुद्र जाऊन येतो हे कुणाच्या डोक्यात येणार?

अण्णा खूष. "चला, किल्ला बघू, मग लगेच जंजिरा!" माझं तोंड पडलं. अहो, एवढ्या लांब आणून मी आईला चिखल दाखवला.

पण आई शांत. नारळवालीला विचारती, "बाई, तुमच्यातबी नळासारखी पाण्याची पाळी असती व्हय?"

"असते ना मावशी. संध्याकाळी येईल."

"नक्की येतं का? आमच्याकडंबी असंच म्हणतात."

आन बसली की हो तिथंच, फतकल मारून! अण्णा म्हणले, चल. "तुमी जावा तुमच्या किल्ल्यावर. पाण्याची वाट बघायची मला सवय हाय." अण्णा चार पावलं गेले आन माघारी आले, तिच्या शेजारी टेकले.

आन संध्याकाळी आला, तुम्हाला सांगतो. हळूहळू, सरळ तिच्या पायापर्यंत. आईनं ओंजळ भरून डोळ्याला लावली. "लई हाय रं पाणी," म्हणली. बस्स, एवढंच. अण्णांना तिथं वेरूळ आठवलं नाय.

तेवढ्यात फोन. शेजारच्या राजाबाई. "अंगद, कुठं हायेस? नळाला पाणी आलं व्हतं की! एवढ्या जोरात कधी येत नाय. तुमच्या गेटला कुलूप..."

आईनं एकदा समुद्राकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. उठता उठता म्हणली, "आता टँकरवाल्याला फोन लाव."

आन लावला, तिथंच, समुद्रात उभा राहून!