डाव्या काठावरच्या चांदण्या

—छे हो, जळलं कुठे? जरासं पिवळं पडलंय, रंगात बुडवलं की काळ्यात काळं होऊन जाईल, शोधूनही सापडणार नाही तुम्हाला. बसा ना, सुलास्त्रीबाई, उभ्या कशाला — ते बाकडं घ्या, त्याला मेण नाही लागलेलं. नवरीच्या आईनं आत्तापासून असं तोंड सुकवून घेऊ नये! मेणाचा थेंब सांडला, सळई तापवली, टेकवली, थेंब उचलला — रोजचंच आहे, बाटिक करणाऱ्या सगळ्याच बायका करतात. नाही उचलला तर तिथं रंग धरत नाही, आणि तुमच्या कापडावर भलतीच एक पांढरी चांदणी — मग लग्नात विहीणबाई तीच बघत बसतील. फक्त — काय झालं — थेंब तिथं नव्हताच.

म्हणजे मला दिसला. काळपट, जुन्या मेणाचा असतो ना तसाच. सळई टेकवली, तर सरकला बाजूला. पुन्हा टेकवली, पुन्हा सरकला. कापडावरचा थेंब कधी सरकतो का? करपल्याचा वास आला तेव्हा कुठे कळलं, थेंब माझ्या डोळ्यात आहे. हसा, हसा. तेहेतीस वर्षं मेणात हात, आणि ही अक्कल! कधीपासून म्हणजे — सोमवारपासून. आज गुरुवार ना? मग सोमवारच. ठिपकेच ठिपके, आणि मान वळवली की कडेला लखकन चमकतं. दुखत नाही हो, अजिबात नाही. दुखलं असतं तर गेले नसते का डॉक्टरकडे?

विचारलं होतं की! अगदीच अडाणी नाही मी. मंगळवारी बाजारात आपल्या दवाखान्यातली नर्स भेटली, दर्सी. ती पोरगी सोयाबीनचं टेम्पे घ्यायचं सोडून माझ्याच मागं लागली — "पारतिनीमावशी, हे उद्यावर टाकायचं नाही, आजच्या आज सोलो शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि कडेनं पडदा आल्यासारखं वाटलं तर घटकाभरही थांबू नका." म्हटलं, पडदाबिडदा काही नाही. नव्हताच. तेव्हा नव्हता. — असं बघू नका हो माझ्याकडे. आहे थोडीशी सावली, डावीकडे, कोपऱ्यात. उजवा डोळा? त्याचं काय घेऊन बसलात, त्यात मोतीबिंदू पिकलाय, शेगडी पेटलीय की नाही तेवढं कळतं त्यानं. काम सगळं डाव्यावरच चालतं.

आणि माझं ठरलंय. दोन ओळी राहिल्यात, मग रंग, मग मेण उकळून काढलं की झालं. रविवारी तुम्ही दोघं नेसून मांडवात उभे राहा — नवरीच्या आईबापानं चांदण्यांचं कापड नेसलं नाही तर गाव काय म्हणेल? — आणि सोमवारी मी जाते सोलोला. तुमच्यासाठीच तर थांबले — नाही. खोटं कशाला बोलू. भीती वाटते मला. माझ्या आईला डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळा कापल्यावर दोन महिने धुरात बसायचं नाही. ऐकलं तिनं. बरीही झाली. पण तोवर कारखान्यात तिच्या जागेवर दुसरी बसली होती, आणि मग आई जन्मभर दुसऱ्यांच्या शेगड्या फुंकत राहिली. मी तिथंच शेजारी मेणाच्या रेघा ओढायचे, आणि तिच्याकडे बघायचं टाळायचे. अजून लाज वाटते त्याची.

ते जाऊ द्या. काम बघा की काम! ही ओळ आज सकाळची, या काठापासून त्या काठापर्यंत, एक तरी चांदणी हललीय का सांगा. — सांगा ना. बोट कुठे ठेवलंय तुम्ही, मला नाही दिसत — डावीकडे? काठ रिकामा कसा असेल, शेवटपर्यंत नेलीय मी ओळ, माझ्या हातानं. वरचीही? त्याच्या वरची? — थांबा, मान वळवू द्या.

अगं आई.

सहा ओळी. सहाच्या सहा, काठाच्या वीतभर आधीच — आणि मला वाटत होतं, कापड संपलं.

नाही, काही बोलू नका. ती शेगडी विझवा. विझवा म्हणते ना! गोठू दे मेण. रविवारी काय नेसायचं ते तुमचं तुम्ही बघा. स्कूटर बाहेरच आहे ना तुमची? मग बसल्यात काय, उठा — आणि या बाजूनं नको, उजवीकडून या, माझा हात धरा.