राखेतली पावलं

आक्का : तो झाडू आधी खाली ठेव.

बारकू : आक्का, हळू बोल ना. गल्ली जागी होईल.

आक्का : पावणेआठ वाजले. पावाची पहिली भट्टी निघाली, गल्ली कधीच जागी झाली. झाडू ठेव म्हणते ना!

बारकू : दोन हात मारतो फक्त. राख सारखी केली की पावलं गेली. आमच्या रेंजर मॅडम नऊला येतील, वरवर बघतील, सही करतील. आज तिसावा दिवस. विषय संपला.

आक्का : म्हणजे अस्वलीण आलीच नाही, असं सांगणार तू?

बारकू : सांगणार काहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आक्का : वाहवा! अंगावर वनरक्षकाचा गणवेश आणि हातात पुरावा झाडायचा झाडू. आईनं बघितलं असतं तर याच झाडूनं हाणलं असतं तुला.

बारकू : हाण तूच. पण हुकूम आठव. तीस दिवसांत वस्तीची सवय सुटली नाही असं दिसलं, तर पिंजरा. एकोणतीस दिवस ती फिरकली नाही, आणि आजच नेमकी बाईला आठवण झाली! पिंजऱ्याची गाडी मॅडमबरोबरच येतेय, आक्का. एकदा आत गेली की जन्माची गेली. पिल्लं अजून अंगावर पितात.

आक्का : मला ठाऊक नाही होय? रोज संध्याकाळी गल्लीभर, डब्यांपाशी आणि परसात भट्टीची राख पसरते, ती काय हौस म्हणून? पहाटे दार उघडलं आणि ही एवढाली पावलं बघितली, तेव्हा तशीच तुला बोलवायला धावले.

बारकू : मग झाडू दे ना मला.

आक्का : नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? आज पावलं झाडशील. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, कुणाच्या पोराला पंजा मारला, तर ते काय झाडूनं झाडशील? आणि गल्लीतल्या अठरा घरांनी महिनाभर जे केलं, तेही जाईल या राखेबरोबर. लोक म्हणतील, बेकरीवालीच्या भावानं लबाडी केली म्हणून निभावलं.

बारकू : आणि मॅडमनं पिंजरा लावला तर?

आक्का : तर मी रडेन. पण खोटं सांगून वाचवलेली अस्वलीण किती दिवस वाचते रे? ठेव झाडू. हात धू, गरम पाव खा. उपाशीपोटी तुझी अक्कल चालत नाही.

(बाहेर गाडी थांबल्याचा आवाज.)

बारकू : आल्या. आठलाच आल्या. आक्का, तू बोलू नकोस, मी बोलतो.

मॅडम : नमस्कार. बेकरी तुमचीच ना?

आक्का : माझीच. मॅडम, अस्वलीण काल येऊन गेली.

बारकू : आक्का!

मॅडम : आत्ता कुठं मी गाडीतून उतरले.

आक्का : उतरलात तर तिथंच थांबा. पुढं पाय टाकू नका, पावलं मोडतील. बाजूनं या, असं भिंतीला धरून.

मॅडम : ही राख कुणी टाकली?

बारकू : हिनंच, मॅडम. रोज टाकते. खात्याकडे मागितलेले कॅमेरे आले नाहीत, तेव्हा म्हणाली, राखेत मांजर गेलं तरी कळतं.

मॅडम : मादीच आहे. उजवा मागचा पंजा जरा वळलेला. तीच का, फाटक्या कानाची?

बारकू : तीच.

मॅडम : मला तुमच्याकडून फोन यायला हवा होता. पहाटे पाचला.

बारकू : चुकलं, मॅडम.

मॅडम : चला. शेवटपर्यंत बघू. हा पहिला कचऱ्याचा डबा कुणाचा?

आक्का : शिंप्याचा. बघा, इथं उभी राहिली मागच्या पायांवर. टाचा रुतल्यात.

मॅडम : झाकणावर ओरखडे आहेत. कडी लावलेली.

आक्का : दुहेरी. शिंप्यानं वरून तारही बांधलीय. शर्टाची गुंडी कधी धड लावत नाही, पण तारेची गाठ बघा कशी घट्ट मारलीय.

मॅडम : दुसरा डबा?

बारकू : मास्तरांचा. निवृत्त आहेत. इथंही ओरखडे. कडी जागेवर.

मॅडम : इथं पूर्वी पक्ष्यांच्या दाण्याचं ताट टांगलेलं असायचं. तुमच्या जुन्या अहवालात आहे. चार वेळा नोटीस दिली होती.

बारकू : हो. तेव्हा म्हणायचे, 'माझ्या चिमण्यांचा आणि अस्वलाचा काय संबंध?' आता ताट सकाळी लावतात आणि दिवेलागणीला घरात नेतात.

मॅडम : नोटिशीनं झालं नाही, ते कशानं झालं?

बारकू : ते... आक्का, तू सांग.

आक्का : मघाशी म्हणालास, बोलू नकोस.

बारकू : आता बोल की!

आक्का : मॅडम, दीड महिन्यापूर्वी वस्तीची सभा झाली, तेव्हा तुम्ही नव्हता. 'पिंजरा आणा, नाहीतर मीच बघते तिच्याकडे' असं टेबल बडवून कोण ओरडलं असेल? मी. शिंप्याला बोलले, मास्तरांना बोलले, सगळ्यांच्या कचऱ्याचा उद्धार केला. आणि दुसऱ्या दिवशी हा माझा भाऊ तोंड पाडून आला, हातात फोटो. त्याच्याकडचा एकुलता एक कॅमेरा यानं कुठं लावला होता, तर माझ्याच परसात!

बारकू : मला वास येत होता, मॅडम. जळक्या साखरेचा.

आक्का : केकचे साचे असतात ना, त्यांच्या कडेला पाक जळून बसतो. आतली मोरी लहान. म्हणून दुकान बंद करताना मी साचे मागच्या टबात भिजत घालायची. बावीस वर्षं. फोटोत ही बाई टबात डोकं घालून बसलेली, आणि दोन्ही पिल्लं काठावर. जेवायला बोलावल्यासारखी! गल्लीत तिला आणलं होतं ते मीच. बाकीच्यांचे डबे ती वाटेवर आहेत म्हणून उघडायची.

मॅडम : मग?

आक्का : मग हा म्हणाला, आपल्यात ठेवू. रात्रभर—

बारकू : रात्रभर रडली ही.

आक्का : मध्ये बोलू नकोस. सकाळी फोटो दुकानात, पैशांच्या गल्ल्यामागं भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, 'अस्वल माझ्यामुळे येत होतं. टब आत घेतला आहे.' आणि खाली सही. पाव घ्यायला सगळी गल्ली येते, सगळ्यांनी वाचलं. वाटलं होतं, चार दिवस हसतील. पहिल्या दिवशी हसलेही. दुसऱ्या दिवशी शिंपी आला. सुटे पैसे मोजता मोजता म्हणतो, 'आक्का, मी पण कुत्र्यासाठी उरलेलं बाहेर ठेवतो हो.' मी म्हटलं, मला काय सांगतोस, लिही. त्यानं लिहिलं. मग मास्तर. आठवडाभरात भिंत भरली.

बारकू : मी तीन वर्षं बोर्ड लावत होतो, मॅडम. 'नागरिकांनी कचरा उघड्यावर टाकू नये.'

आक्का : नागरिक म्हणजे शेजारचा माणूस, असंच वाटतं प्रत्येकाला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

मॅडम : तुमचं परस दाखवा.

बारकू : मॅडम, तिथं...

आक्का : दाखवते. पावलं तिकडंच गेलीत. लपवण्यासारखं काही उरलं नाही आता.

मॅडम : इथं बसली होती. चांगली ऐसपैस बसलीय.

आक्का : टबाची जागा आहे ही. टब आत आहे, साचे आत. फरशी सोड्यानं घासलीय, मी आणि मास्तरीणबाईंनी, तीनदा.

मॅडम : जीभ लावलीय फरशीला. इथं राख ओली होऊन सुकलीय. मग उठली. मग... एक मिनिट. पिल्लं कुठायत?

बारकू : पिल्लं?

मॅडम : एकही लहान पाऊल नाही परसात. तुम्ही सकाळपासून काय बघत होता?

बारकू : घाबरलो होतो, मॅडम. मोठीच बघितली.

मॅडम : आक्का, भिंतीच्या पलीकडे राख असते?

आक्का : नदीच्या वाटेला असते. थोडी टाकते तिथंही.

मॅडम : इकडे या. दोघंही या. हे काय?

आक्का : अगंबाई! केवढीशी पावलं!

मॅडम : ही दोघं इथं आली, थोडी खेळली आणि थेट नदीकडे गेली. गल्लीत वळलीच नाहीत. आई जुन्या ओळखीनं एक चक्कर मारून आली, अठरा डबे तपासले, रिकाम्या पोटी बाहेर पडली. हे बघा, पावलांमधलं अंतर वाढलंय. घाईत गेलीय पिल्लांमागं. या भिंतीआड आपल्याला काही मिळतं, हे पिल्लं विसरली.

बारकू : म्हणजे... सवय?

मॅडम : तिची सुटतेय. पिल्लांची सुटली. पावलंच नसती, तर मला यातलं काही कळलं नसतं. नुसती आली नाही म्हणून सवय सुटली असं धरता येत नाही; मी मुदत वाढवली असती, आणि गाडी इथंच उभी ठेवली असती.

आक्का : ऐकलंस? दोन हात मारणार होता हा.

मॅडम : काय मारणार होता?

बारकू : पाव, मॅडम. दोन पाव खाणार होतो.

मॅडम : हं. हाताला राख लागलीय तुमच्या, ती आधी धुवा. आणि ड्रायव्हरला सांगा, गाडी वळव. पिंजरा रद्द. मी सही इथंच करते.

आक्का : रद्द? खरंच रद्द?

मॅडम : खरंच. आक्का, अकरा वर्षं नोकरी झाली माझी. पिंजरा रिकामा परत नेण्याची ही पहिली वेळ. तुमचा हात द्या जरा.

आक्का : पिठाचा आहे हो.

मॅडम : असू दे. आणि तो कागद मला हवाय. टेकडीपलीकडच्या वस्तीतही हेच चाललंय, तिथं लावते.

आक्का : कागद नाही देणार. माझा कागद वाचून तिथली माणसं माझ्यावर हसतील आणि डबे उघडेच ठेवतील. तिथलं कुणीतरी स्वतःचं लिहू दे.

मॅडम : त्या वस्तीत मीच राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर मांजरांसाठी मासे ठेवते. रोज.

आक्का : मग झालं की! माणूस सापडला.

बारकू : आक्का, सगळे दारात येऊन उभे आहेत. शिंपी, मास्तर, सगळे. गाडी वळलेली बघितली त्यांनी.

आक्का : मग सांग ना ओरडून! की सांगायलाही खात्याची परवानगी लागते?

बारकू : ए! जिंकलो! पिंजरा रद्द झाला!

आक्का : अग्गं, केवढ्या टाळ्या! शिंप्यानं तर परातच आणली बडवायला. मॅडम, आज पाव न खाता जायचं नाही. बारकू, मास्तर काय विचारतायत तिकडून?

बारकू : विचारतायत, तीस दिवस झाले, आता कडी नाही लावली तर चालेल का.

आक्का : आणि हातानं काय करतायत?

बारकू : कडी लावतायत.