जुलैतलं थायलंड

भर पावसाळ्यात कुणी थायलंड बघायला जातं का गं? आम्ही ठरवलं. हे शिरोली एमआयडीसीतल्या नोकरीतून रिटायर झाले, तेव्हाची गोष्ट. एकदा परदेश बघायचा, एवढी एकच हौस ह्यांना. पासपोर्टही काढून ठेवले होते. पण त्याच आठवड्यात ह्यांचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, की हे दिवाळी बघतील असं वाटत नाही. ह्यांना मी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

शाहूपुरीतला टूरवाला म्हणाला, "डिसेंबरात जावा काका. हवा एकदम झकास असती."

"मग डिसेंबरच धरा," हे म्हणाले.

मी म्हटलं, "नको. जुलैत जाऊ."

टूरवाला हसायलाच लागला. "काकू, जुलैत तिकडं नुसता पाऊस हाय. पैसं देऊन भिजायला जाताय व्हय?"

"माझं माहेर गगनबावडा. पावसाला मी भिणार होय?"

"अगं, सगळं जग थंडीत जातंय की," हे म्हणाले. "तुलाच एवढी घाई कसली?"

मी पदरानं चष्मा पुसत बसले. हे बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग टूरवाल्याला म्हणाले, "जुलैचंच करा, पावणं. हिला माहेरचा पाऊस पुरलेला न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे एकटेच बाजारात गेले आणि दोन नव्या छत्र्या घेऊन आले.