लहान जहाजाचा एकच जिना

जहाजाच्या सहलीची तिकिटं काढायच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढेच एक म्हातारं जोडपं उभं होतं. कान टवकारायची गरजच नव्हती.

"अगं, हे नवं जहाज बघ. चौदा मजले, नाटकगृह, पोहायचे दोन तलाव! त्या लहान जहाजावर आहे काय? जुनी झुंबरं आणि एकच जेवणघर."

"पण तिथले वाढपी नावानं हाक मारतात. गेल्या खेपेला तुम्हीच कौतुक करत होतात."

"केलं असेल. म्हणून काय जन्मभर तेच?"

"तिथे जिना एकच आहे हो. कुठूनही निघालं तरी माणूस आपल्या खोलीपाशीच येतो."

"मग?"

"काही नाही. परवा पेपर आणायला गेलात, ते शेजाऱ्यांनी आणून सोडलं…"

"रस्ता खोदून ठेवलाय लेकाच्यांनी!"

"हो. खोदलाय खरा."

रांग सरकली. शिंपीणबाई उगाच पिशवीचा बंद सरळ करत राहिल्या.

"कुठलं जहाज, आजोबा?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

आजोबांनी बायकोचा हात धरला.

"लहानच द्या. मोठ्या जहाजावर हिला खोली सापडायची नाही."

"हो ना," आजी म्हणाल्या. "मला मेलीला वाटाच लक्षात राहत नाहीत."