बाहेरच्यांचा बाक

धाकटी : आणि आता? आधीच्या काचेतून बरं दिसत होतं की यातून?

थोरली : यातून. नाही, थांब... आधीच्याच.

धाकटी : घाई करू नका. डोक्यावरचा रुमाल जरा मागे घ्याल का? कानामागे दांडी बसत नाहीये.

थोरली : मला अहो-जाहो का करतेस?

धाकटी : दुकानात आलेल्या सगळ्यांनाच करते.

थोरली : सख्खी बहीण आहे मी तुझी.

धाकटी : अकरा वर्षांनी आठवलं? हं, शेवटून दुसरी ओळ वाचा.

थोरली : वाटेत चष्म्याची तीन दुकानं लागली.

धाकटी : मग?

थोरली : मग काय. दोन बस बदलून इथे आले.

धाकटी : मंडळीत पाळकांना काय सांगून आलीस, ताई?

थोरली : डोळ्यांचा नंबर काढायला चालले म्हणून. खोटं नाही बोलले. बाहेरच्यांशी कामापुरतं बोलायला बंदी थोडीच आहे.

धाकटी : म्हणजे नंबर निघेपर्यंतच आपण बहिणी.

थोरली : म्हणून तर मघापासून ओळी चुकीच्या वाचतेय.

धाकटी : अगं! आणि मी इथे काचा बदलून बदलून थकले. हे खोटं नाही होय?

थोरली : ते देव बघून घेईल. तू बदल काचा.

धाकटी : आई कशी आहे?

थोरली : डावा डोळा गेला. उजव्यात नुसत्या सावल्या. पावलांवरून माणूस ओळखते.

धाकटी : माझं नाव काढते?

थोरली : मंडळीतून वेगळं काढलेल्याचं नाव घ्यायचं नाही, तुला ठाऊक आहे. पण रोज संध्याकाळी प्रार्थनेत आम्हा भावंडांना देवाच्या हवाली करते ना, तेव्हा आधी माझं नाव घेते, मग थांबते, मग बाळ्याचं. मध्ये एक अख्खा श्वास जातो. रोज. पाळकांच्याही लक्षात आलंय, पण श्वास घेऊ नका असं कसं सांगणार ते?

धाकटी : थांब, जरा काच पुसते.

थोरली : रडू नकोस. तू रडलीस तर माझा नंबर चुकेल.

धाकटी : माझी मुलगी झाली तेव्हा पाच दिवस दवाखान्यात होते, ताई. नवरा बिचारा एकटाच डबा घेऊन धावायचा. इथले लोक वाईट नाहीत गं, पण बोलावल्याशिवाय कुणी येत नाही. आपल्या गल्लीत असते तर बायकांनी न सांगता पाळ्या लावल्या असत्या. तेव्हा इतकी आठवण आली तुमची, की पडल्या पडल्या पहाटेची गाणी म्हणत बसले. नर्सला वाटलं तापात बडबडतेय.

थोरली : मग परत ये. एकदा सगळ्यांसमोर उभी राहा, चुकले म्हण.

धाकटी : बाबांना फसवून घरातून निघाले, ते चुकलं. हजारदा म्हणेन. पण त्यांना तेवढं पुरत नाही. बाहेरच्याशी लग्न केलं ते पाप होतं, असं वदवून घ्यायचंय. ते म्हणून घरी गेल्यावर मी पोरीकडे कुठल्या तोंडाने बघू?

थोरली : ते नकोच म्हणूस.

धाकटी : तू हे म्हणतेस?

थोरली : माझा विश्वास डळमळला असं समजू नकोस. आपण देवाची लेकरं, म्हणून जगापासून वेगळं राहायचं, हे मला मनापासून पटतं. पहाटे सगळे मिळून गायला लागले की अजून अंगावर काटा येतो. पण मग मागून तुझा आवाज येत नाही, आणि मी ओळ विसरते.

धाकटी : मग मी काय करू, सांग ना.

थोरली : दाराजवळचा बाक आपण बाहेरच्यांसाठी मोकळा ठेवतो. रस्त्यावरून कुणीही येऊन बसावं. रविवारी येऊन बस.

धाकटी : त्याच खोलीत? जिथे भिंतीला धरून चालायला शिकले, तिथे बाहेरची म्हणून बसू?

थोरली : हो.

धाकटी : आईला तिथवर दिसणारही नाही.

थोरली : नाही दिसणार.

धाकटी : मग कशाला येऊ?

थोरली : मला नाही सांगता येत. तू ये.

(रविवार. उपासना संपली आहे. दाराजवळच्या बाकापाशी तिघी.)

आई : कोण बसलंय इथे?

थोरली : बाहेरच्या एक बाई आहेत, आई. पहिल्यांदाच आल्यात.

आई : असं? या, बाई. मला नीट दिसत नाही, जरा हात द्या बघू. हं. पत्ता शोधायला त्रास नाही ना पडला?

धाकटी : नाही... नाही पडला.

आई : आवाज बसलाय तुमचा.

धाकटी : गायची सवय राहिली नाही.

आई : मागून खालच्या पट्टीत कुणीतरी धरून गात होतं, ते तुम्हीच होय! वाटलंच मला. पहिल्या कडव्यापासून वाटत होतं. घरी कोण कोण असतं?

धाकटी : नवरा, मी आणि मुलगी. दहा वर्षांची.

आई : नवरा नीट वागवतो?

धाकटी : फार चांगला आहे तो.

आई : बरं झालं बाई. जिवाला घोर असतो... म्हणजे, बाहेरच्यांचीही काळजी असते आम्हाला. मुलीचं नाव काय ठेवलंत?

धाकटी : माझ्या आईचं.

आई : अगं बाई. जुनाट नाव आहे हो ते. शाळेत चिडवत असतील पोरीला.

धाकटी : चिडवतात. कुरकुर करते घरी येऊन. पण हाक मारली की पळत येते.

थोरली : आई, पाळक इकडेच बघताहेत. हात सोड आता त्यांचा.

आई : बघू देत की. पाहुण्यांचा हात आपण आधी सोडायचा नसतो.