माशाच्या कांजिण्या

दवाखान्यातून सुमन गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी बादलीत माशांसाठी पाणी भरून ठेवत होतो. नळाच्या पाण्याचा औषधी वास उडाल्याशिवाय ते टाकीत घालायचं नाही, हा सुमनचा, माझ्या बायकोचा, नियम. मासे तिचेच.

हसू नका, पण त्यातल्या एकाला एकदा कांजिण्या आल्या होत्या. म्हणजे अंगावर पांढरे ठिपके उठले आणि आमच्या आईने निदान केलं, "सुमन, कांजिण्या आहेत या. आता घरात फोडणी नको."

"आई, तो पाण्यात आहे. त्याला फोडणीचा कसला त्रास?"

"त्याला नाही गं, देवीला होतो!"

आईने टाकीवर कडुलिंबाचा डहाळा बांधला. सुमन मुकाट्याने टाकीत जाडं मीठ विरघळवायची, थोडं थोडं पाणी बदलायची, आणि आम्ही सगळे बिनफोडणीचं वरण गिळायचो. हळूहळू ठिपके गेले. मासा पुन्हा खायला वर येऊ लागला.

"बघ," आई म्हणाली, "मी नवस बोलले होते. वणीच्या गडावर जाऊन तू देवीची ओटी भरायचीस."

मला वाटलं, आता सुमन मिठाचं सांगणार. ती म्हणाली, "भरू की आई. गुण आला ना!" आणि आत जाऊन ओरडली, "अहो, मोहरीचा डबा काढा आधी!"

अजूनही शेजारी फोडणी तडतडली की मी आपल्या स्वयंपाकघराकडे वळून बघतो.

दरवर्षी म्हणायचो, थंडी पडली की गडावर जाऊ. ओटी भरायची राहूनच गेली.