मिकलथ्वेटचं कुलदैवत

चँडलर शहरातल्या ऑफिसातला आमचा मॅनेजर मिकलथ्वेट माहितीये ना? आडनाव दुर्मीळ म्हणून भारी अभिमान. परवा घरी जेवायला आला आणि ते इंग्लंडमधल्या एका खेड्यावरून कसं पडलं, हे वरणभात निवेपर्यंत सांगत बसला. मी आईला भाषांतर करून देत होतो.

आई म्हणाली, “म्हणजे आपल्या कुडाळकरांसारखंच. मूळ गावी जाऊन आलाय का, विचार.”

“कधीच नाही,” तो म्हणाला.

“मग प्रमोशन अडणारच. देवाला नारळ ठेवून ये म्हणावं.”

मी तेही सांगितलं. त्याचं प्रमोशन खरंच अडलं होतं.

काल त्याचा इंग्लंडहून मेसेज आला, सोबत चर्चच्या पायरीचा फोटो. “आईला विचार, नारळ मिळत नाहीये. सफरचंद चालेल?”

मी लिहिलं, “चालेल. माझ्या नावाचंही एक ठेव.”